समुद्र कुठल्या हाताला?

या आठवड्याचं पत्र:

"डॉक्टरताई, नमस्कार. माझं माहेर सोलापूरचं. ११ वर्षांपूर्वी लग्न होऊन कोकणात, हर्णैजवळच्या एका वाडीत आले. आता वय ३६. पण इथल्या वाटा मला अजून कळत नाहीत. बाजारात जायचं तरी मोबाइलवर नकाशा लावते. मागच्या श्रावणात लेकीला क्लासहून घेऊन येत होते, पाऊस धो धो, रेंज गेली. फाट्यावर चुकले आणि पाऊण तास सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळी माळावर) स्कूटर फिरवत राहिले. लेक मागे बसून रडायला लागली. घरी आल्यावर सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, 'हिला दिशाच कळत नाय.' त्या स्वतः अमावास्येच्या रात्री बॅटरी न घेता पाखाडी (पायऱ्यांची उतरती वाट) उतरून गोठ्यात जाऊन येतात. माझ्या मेंदूत काही कमी आहे का? या वयात हे शिकता येतं का? आणि मोबाइलमुळे हे वाढलंय का?

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. त्यांना सगळे तात्या म्हणतात. वय ७४, चाळीस वर्षं बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. गेल्या दोन महिन्यांत ते दोनदा वाट चुकले. एकदा बंदरावरून येताना, जिथे नवा रस्ता झालाय आणि जुना वड तोडलाय, तिथून भलत्याच वाडीत गेले. दुसऱ्यांदा आमच्याच आळीतल्या विहिरीपाशी उभे होते, शेजारचा मुलगा हाताला धरून घेऊन आला. घरचे म्हणतात, वय झालं. जुनं सगळं त्यांना पाठ आहे. कुठल्या साली कुठे किती मासळी लागली ते अजून सांगतात. मग स्मरणशक्तीचा प्रश्न कसा असेल? काळजी करू की नको?"

ताई, तुमच्या पत्रात वाट चुकलेली माणसं दोन आहेत. एकीला घर हसलं, दुसऱ्याला 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. दोन्ही वाचून मला वाईट वाटलं, कारण दोन्ही ठिकाणी काहीतरी करता येण्यासारखं आहे. आणि दोन्ही गोष्टी एक नाहीत. तुमच्या डोक्यात इथला नकाशा अजून तयारच झालेला नाही. तात्यांच्या डोक्यात तो पक्का होता, आणि आता कुठेतरी विरत असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. म्हणून एक वाक्य आधीच लिहून टाकते: तात्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. का, ते सांगण्यासाठी मला आधी मेंदूतल्या नकाशाबद्दल थोडं बोलावं लागेल. त्यातच तुमचंही उत्तर आहे.

दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, साधारण करंगळीएवढा एकेक वळलेला भाग असतो. सोळाव्या शतकात इटलीतल्या अरांझी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून त्याचं नाव पडलं हिप्पोकॅम्पस. जाळ्यात कधीमधी जो अडकून येतो ना, तोच समुद्रघोडा. तात्यांनी कितीतरी पाहिले असतील.

वाटांच्या बाबतीत हा भाग काय करतो ते कळायला १९७१ साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांचा विद्यार्थी जोनाथन दोस्त्रोव्स्की उंदरांवर काम करत होते. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये केसाहून बारीक तार बसवलेली, आणि उंदीर मात्र मोकळा, हवा तिकडे हिंडतोय. पेशी चेतली की ती तार ते टिपते. अशा प्रयोगांत तार स्पीकरला जोडतात, म्हणजे पेशी चेतली की टक् असा आवाज ऐकू येतो. उंदीर फिरत असतो, स्पीकर गप्प. उंदीर एका विशिष्ट कोपऱ्याकडे येतो आणि एकदम टक्-टक्-टक्-टक्. तिथून हलला की पुन्हा शांतता. फिरून परत त्याच कोपऱ्यात आला की पुन्हा तीच टकटक. शेजारच्या पेशीचा कोपरा वेगळा, तिच्या शेजारणीचा आणखी वेगळा. म्हणजे प्रत्येक पेशीनं जणू एकेक जागा वाटून घेतलेली, आणि सगळ्या मिळून ती पूर्ण खोली. त्यांना प्लेस सेल म्हणतात, आपण जागापेशी म्हणू. पुढे २००३ मध्ये माणसांतही अशा पेशी सापडल्या. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या होत्या, त्या रुग्णांना संगणकावरच्या शहरात टॅक्सी चालवायला दिली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. उंदराला दुसऱ्या खोलीत ठेवलं की सगळी मांडणी बदलते. पहिल्या खोलीत कोपऱ्यात बोलणारी पेशी दुसऱ्या खोलीत दाराशी बोलेल, किंवा अजिबात बोलणार नाही. प्रत्येक जागेची मांडणी नव्यानं बसवावी लागते, आणि ती बसते तिथे हिंडल्यावर. सोलापूरच्या घराची तुमची मांडणी अजून शाबूत असणार. डोळे मिटून माहेरच्या दारातून आत शिरा. डाव्या हाताला काय आहे? पाण्याचा माठ कुठे? लाइट गेली तर मेणबत्तीसाठी हात कुठल्या फळीकडे जायचा? हे सगळं आठवलं असेल, तर तुमचा हिप्पोकॅम्पस ठणठणीत आहे. हर्णैची मांडणी त्याच्याकडून कधी कुणी करूनच घेतली नाही, एवढंच झालंय.

जागापेशी एकट्या काम करत नाहीत. १९८४ मध्ये अमेरिकेत जेम्स रँक यांनी दिशेच्या पेशी शोधल्या. प्राण्याचं तोंड ठरावीक दिशेला असेल तेव्हाच त्या चेततात, मग तो खोलीत कुठेही उभा असो. आणि २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत ग्रिड सेल सापडल्या. या हिप्पोकॅम्पसच्या शेजारी, एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाच्या पट्टीत असतात. (हे अवघड नाव लक्षात ठेवा, तात्यांच्या वेळी लागेल.) यातली एक पेशी एका जागी चेतत नाही, अनेक जागी चेतते. आणि त्या जागा कागदावर मांडल्या तर समभुज त्रिकोणांची जाळी तयार होते, अगदी मापानं विणल्यासारखी. जमिनीवर अशी जाळी कुठेच आखलेली नसते, ती मेंदू स्वतः अंथरतो. अंधारातही ती टिकते. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओकीफ आणि या दोन मोझर मंडळींना मिळालं ते याच कामासाठी.

हे सगळं तुमच्या घरात एका माणसानं चाळीस वर्षं केलंय. धुक्यात किंवा काळोखात, किनारा दिसत नसताना तांडेल काय करतो? किती वेळ चाललो, किती वेगानं, तोंड कुठे होतं, वारा आणि पाण्याची ओढ कुठे, यावर मनाशी हिशेब धरतो. ग्रिड पेशी आणि दिशापेशींचं काम बरंचसं तसंच. पण या हिशेबात चूक साठत जाते. प्रयोगात असं दिसलंय की उंदीर मोकळ्या जागेत जितका जास्त वेळ फिरेल तितकी जाळी थोडी थोडी सरकते, आणि भिंतीला लागला की पुन्हा जागेवर येते. तांडेलाची भिंत म्हणजे किनाऱ्यावरची खूण. हर्णैच्या कनकदुर्ग किल्ल्यावरचा दीपस्तंभ आणि मागची एखादी टेकडी एका ओळीत आली की त्याला कळतं, आपण या रेषेवर आहोत. दुसऱ्या बाजूला सुवर्णदुर्गाचा तट आणि आणखी एक खूण जुळली की दुसरी रेष. दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपली बोट. साठलेली चूक तिथल्या तिथे धुऊन निघते.

तुमच्या बाबतीत ही भिंत कधी लागतच नाही. तुम्ही फोनवरच्या बाणाकडे बघता. बाण म्हणतो डावीकडे, तुम्ही डावीकडे. विहीर, साकव, गडग्यावर वाकलेला फणस डोळ्यांसमोरून गेले तरी त्यांची कुठे नोंद होत नाही, कारण त्यांच्यावाचून तुमचं काही अडलेलं नसतं. २०१७ मध्ये लंडनमध्ये हे तपासलं गेलं. लोकांना संगणकावर सोहो भागातल्या गल्ल्यांतून वाट काढायला दिली आणि मेंदू स्कॅनरखाली ठेवला. स्वतःच्या डोक्यानं वाट काढताना, नव्या रस्त्यावर शिरलं की हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल उसळायची. पुढे जितके जास्त फाटे, तितकी ती जास्त. तीच माणसं यंत्राच्या सूचनेवर चालायला लागली की ही उसळी दिसेनाशी व्हायची. म्हणून मोबाइलनं तुमचा मेंदू बिघडवला असं मी म्हणणार नाही. ११ वर्षं त्यानं तुमच्या मेंदूला इथलं काम मिळू दिलं नाही, असं म्हणेन.

तुमच्या माहेरचाही यात थोडा वाटा असू शकेल. सी हिरो क्वेस्ट नावाचा एक मोबाइलवरचा खेळ होता. बोट हाकत खुणा लक्षात ठेवायच्या आणि वाट शोधायची, असा खेळ. संशोधकांनी तो मुद्दाम यासाठीच बनवून घेतला होता. ३८ देशांतल्या जवळजवळ ४ लाख लोकांची माहिती तपासून २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं, की ज्यांचं लहानपण आखीव, काटकोनातल्या रस्त्यांच्या शहरात गेलं त्यांच्यापेक्षा वेड्यावाकड्या रस्त्यांच्या गावांत वाढलेली माणसं वाट शोधण्यात साधारणपणे सरस असतात. तुमचं माहेर प्लॉट पाडलेल्या कॉलनीत असेल, जिथे तिसऱ्या गल्लीत उजवीकडे म्हटलं की काम भागतं, तर पाखाड्यांचं गाव तुम्हाला जड जाणारच. सासूबाई याच उतरणीवर रांगत मोठ्या झाल्या असतील. त्यांच्याशी तुमची तुलना करणं बरोबर नाही. त्यांनीही करू नये, आणि मनातल्या मनात तुम्हीही करू नका.

३६ व्या वर्षी शिकता येतं का? येतं. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तीन-चार वर्षं माणसं दुचाकीवरून गल्लीबोळ पालथे घालतात. एलेनर मग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आहे. लोक म्हणाले, मुळातच मोठा असेल म्हणून ते टॅक्सीवाले झाले असतील. शंका रास्त होती. मग त्यांनी शिकाऊ उमेदवारांचं सुरुवातीला स्कॅन केलं आणि काही वर्षांनी पुन्हा केलं. २०११ मध्ये निकाल आला: सुरुवातीला सगळे सारखेच होते. पुढे परीक्षा पास झालेल्यांचा तो भाग वाढला होता, बाकीच्यांचा नाही. ही सगळी मोठी, प्रौढ माणसं होती. तुम्हाला तर २५ हजार रस्ते नकोत, घर, शाळा, क्लास, बाजार आणि बंदर यांना जोडणाऱ्या दहा-पंधरा वाटा हव्यात.

सुरुवात समुद्रापासून करा. आपल्याला देवानं पश्चिमेला एवढी मोठी खूण दिलीय की तिच्याइतका चांगला होकायंत्र दुसरा नाही. घरातून निघताना, फाट्यावर, दुकानाच्या दारात, दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारा: समुद्र माझ्या कुठल्या हाताला आहे? दिसत नसला तरी हात करून दाखवा. मग खात्री करा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दुपारनंतर खारा वारा उलटा येतो, त्यावरूनही बऱ्याचदा अंदाज बांधता येतो. मात्र एका गोष्टीनं फसू नका. पाणी दिसलं म्हणजे पश्चिम आली असं कोकणात नसतं. खाड्या पूर्वेला आत घुसतात, आणि कनकदुर्गासारख्या ठिकाणी तर तीन बाजूंना पाणी आहे. एखाद्या स्वच्छ संध्याकाळी लेकीला घेऊन तिथे चढा. सूर्य बुडतो ती बाजू धरा आणि मग एकेक ओळखा: बंदर इकडे, आपली वाडी तिकडे, बाजार त्या झाडांच्या मागे. खालून तुकड्यातुकड्यानं पाहिलेल्या जागा वरून एका नजरेत पाहिल्या की त्या एकमेकींना चिकटतात. पुस्तकातला नकाशा पाहून असं होत नाही, निदान माझं तरी झालं नव्हतं.

मोबाइल फेकून देऊ नका. घरून निघण्याआधी त्यात वाट बघा, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं तिचं चित्र काढा, मग फोन डिकीत टाका. अडलं तरच काढायचा. काढला तर नकाशा असा ठेवा की उत्तर दिशा कायम वर राहील. आपण वळलो की नकाशाही गर्रकन वळतो, ती सोय बंद करा. नकाशाच आपल्याभोवती फिरायला लागला तर आपण कुठे वळलो याची दखल घ्यायची गरजच उरत नाही. आणि रात्री, पावसात, लेक मागे असताना हे काही करायचं नाही. तेव्हा खुशाल बाण लावा. शिकायचं ते उजेडात आणि एकटीनं.

फाट्यावर आणखी एक करा, थांबून मागे वळून बघा. जाताना उजवीकडे दिसलेला आंबा येताना डावीकडे असतो, आणि त्याची पलीकडची बाजू दिसते, म्हणून तो अनोळखी वाटतो. निम्म्या लोकांची वाट परतीला चुकते ती यामुळे, असं मला दवाखान्यात येणाऱ्यांशी बोलून वाटत आलंय. आणि खुणा निवडताना पावसाळा लक्षात ठेवा. श्रावणात गवत कमरेएवढं वाढतं, गडगा त्यात बुडतो, वैशाखात कोरडा असलेला पऱ्या वाहायला लागतो, सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. त्या संध्याकाळी सड्यावर तुमच्या सगळ्या खुणा एकदम गेल्या होत्या, ताई. तिथे कुणीही चुकलं असतं. साकव, देवळाचा कळस, विहिरीचा काठ, चिऱ्याचा खांब, अशा ऋतू बदलला तरी न हलणाऱ्या खुणा धरा.

अंतराचंही एक सांगते, कारण घाटावरून आलेल्यांना ते इथे फार छळतं. दाभोळच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर धोपावं दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. फेरीबोट असेल तर काही मिनिटांत पलीकडे. बोट चुकली तर वाशिष्ठीला चिपळूणकडून वळसा घालून कित्येक किलोमीटर. नजरेचं अंतर वेगळं, पायांचं वेगळं. मेंदू ही दोन्ही अंतरं वेगवेगळी मोजतो, हे २०१४ मध्ये त्याच सोहोच्या गल्ल्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं: सरळ रेषेतलं अंतर एन्टोरायनल कॉर्टेक्स धरतो, प्रत्यक्ष वाटेचं अंतर हिप्पोकॅम्पस. सोलापूरला ही दोन अंतरं बहुतेक सारखीच असतात. इथे मधे खाडी येते, डोंगर येतो. त्यामुळे 'समोर तर दिसतंय, मग रस्ता पाठमोरा का चाललाय' असा गोंधळ झाला तर घाबरू नका. तो गोंधळ भूगोलाचा आहे.

आणि झोप. नवी वाट चाललात त्या रात्री नीट झोपा. १९९४ मध्ये अमेरिकेत दिसलं की दिवसा ज्या जागापेशी जोडीनं चेतल्या होत्या, त्या उंदीर झोपल्यावर पुन्हा जोडीनं चेततात. पुढच्या कामात कळलं की त्या दिवसाच्याच क्रमानं, पण कितीतरी भरभर चेततात. झोपेत वाटेची उजळणी चालते म्हणा ना.

आता तात्या.

पहिला प्रसंग मी फार मनावर घेतला नसता. रस्ता नवा, वड तोडलेला. चाळीस वर्षांची खूण गेल्यावर कुणाचीही मांडणी ढासळेल. पण दुसरा प्रसंग आपल्याच आळीतला आहे. विहीर तीच, घरं तीच, बदललं काहीच नाही, आणि तरी तात्या तिथे उभे राहिले. त्यांना ती विहीर ओळखू आली नाही, की ओळखली पण तिथून घर कुठे ते कळलं नाही? त्या मुलाला नीट विचारा. तात्या काय म्हणाले, चेहरा कसा होता, किती वेळ उभे होते, ते लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होईल.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव आता घ्या. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग सगळ्यात आधी खराब व्हायला लागतो, त्यात एन्टोरायनल कॉर्टेक्स आहे. जाळी अंथरणाऱ्या पेशींचं ते घर. तिथून ते हिप्पोकॅम्पसकडे सरकतं. म्हणूनच काही जणांत नावं विसरण्याच्याही आधी ओळखीच्या जागी वाट चुकायला लागते. तात्यांना तेच झालंय असं मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण बघून घ्यायला हवं.

तुम्ही विचारलंय, जुनं सगळं पाठ आहे, मग स्मरणशक्तीचा प्रश्न कसा? या एका समजुतीपायी फार घरांत उशीर होतो, म्हणून एका माणसाची हकिगत सांगते. अमेरिकेत हेन्री मोलिसन नावाचा तरुण होता. १९५३ मध्ये त्याच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग शस्त्रक्रियेनं काढला. शस्त्रक्रियेनंतर त्याचं कुटुंब त्याच रस्त्यावर थोडं पुढे, दुसऱ्या घरात राहायला गेलं. जुन्या घराचा पत्ता त्याला बिनचूक आठवायचा. नवीन घराचा पत्ता मात्र काही महिने झाले तरी लक्षात राहिना, आणि एकट्याला घरी परत येता येईल असा भरवसा राहिला नव्हता. जुनं मेंदूत इतरत्रही पक्कं झालेलं असतं. नवं बसवायला हिप्पोकॅम्पस लागतो. त्यामुळे कुठल्या साली किती मासळी लागली हे सांगता येणं चांगलं आहे, पण त्यावरून 'सगळं ठीक आहे' असा निष्कर्ष काढू नका. काल रात्री काय जेवलो, परवा कोण पाहुणे आले होते, औषध घेतलं का, हे आठवतं का ते बघा.

हे मी घरच्या अनुभवानं बोलतेय. माझी आई देवळातून येताना दोनदा मागच्या आळीत शिरली, तेव्हा आम्ही भावंडं हसलो. ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं ते 'वय झालं' म्हणाले, आणि मी स्वतः डॉक्टर असूनही ते ऐकून घेतलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. वर्ष गेलं. त्या वर्षात तिच्याशी कितीतरी गोष्टी बोलून ठरवता आल्या असत्या, तिची इच्छा विचारता आली असती. तुमच्याकडे ते वर्ष अजून आहे.

आणि कारण दरवेळी अल्झायमरच असतं असं मुळीच नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, रक्तातलं सोडियम किंवा साखर खाली जाणं, मोतीबिंदू, बहिरेपणा, नैराश्य, झोपेची किंवा ॲलर्जीची एखादी गोळी, लघवीचा संसर्ग, यांतल्या कशानंही म्हातारं माणूस भरकटू शकतं, आणि यांतल्या पुष्कळ गोष्टी बऱ्या होतात. म्हणून फिजिशियनकडे जाताना तात्या घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आपणच आणलेल्यासुद्धा. रक्ततपासणी, डोळे, कान, स्मरणशक्तीची छोटी चाचणी, आणि लागलं तर मेंदूचा स्कॅन. अल्झायमर निघाला तर तो मुळातून बरा करणारं औषध आज नाही, पण काही जणांना काही काळ आधार देणारी औषधं आहेत, आणि घराला तयारी करायला वेळ मिळतो. एक मात्र ध्यानात ठेवा: अचानक, तासाभरात गोंधळ उडाला, बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, तर आठवड्याची वाट बघायची नाही. तडक रुग्णालय गाठायचं.

त्यांचं फिरणं बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चाळीस वर्षं दर्यावर वाट काढलेल्या माणसाला ओटीवर बसवून ठेवलं तर तो लवकर खचेल. त्यांच्यासोबत कुणीतरी असावं, पण राखण करतोय असं वाटू न देता. आणि इथे मला तुमचीच आठवण झाली. तुम्हाला वाटा शिकायच्या आहेत. सरळ त्यांना म्हणा, "तात्या, मला जुन्या पाखाड्या दाखवा." त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे. ते कुठे न थांबता वळतात, कुठे घुटमळतात, ते बघा आणि घरी आल्यावर तारखेसह वहीत लिहा. घुटमळले तर लगेच सांगू नका, दोन क्षण थांबा, मग "ही विहीर कुणाची हो?" असं काहीतरी विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यानं धागा लागतो. नाही लागला तर गुपचूप पुढे व्हा आणि घराकडे वळा. बंदरावर पोचलात की त्यांना विचारा, काळोखात बोट आत आणताना कुठली खूण कुठल्या खुणेवर धरायचे. ते हात करून दाखवतील तेव्हा त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहून बघा.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. घर ते बंदर आणि परत, उन्हं उतरायच्या आत. निघताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तुमचा आणि तुमच्या यजमानांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून, म्हणजे पावसात भिजणार नाही. सासूबाईंनाही हे पत्र वाचून दाखवा. आणि डॉक्टरांकडची तारीख ठरली की मला कळवा.